लोखंडेकाका आणि आत्याचे थांबे

"केतकी, आत्याला साखरपाणी घातलंस का?"

बाबाचा हा प्रश्न रोज सकाळी न्हाणीघराच्या बंद दाराआडून यायचा. तोही तोंडात ब्रश असताना, म्हणजे ऐकू यायचं ते नुसतं 'आयाआ आआआई'. पण केतकीला बरोब्बर कळायचं. ती फ्रीजमधली बाटली काढायची, टीव्हीशेजारच्या काचेच्या डबीचं झाकण उचलायची आणि ड्रॉपरनं चार थेंब आत सोडायची. डबीत एक चकती होती. रुपयाच्या नाण्याएवढी, फिक्या गुलाबी रंगाची, साबुदाण्याच्या ओल्या पापडीसारखी अर्धीमुर्धी पारदर्शक. ती चकती म्हणजे स्नेहलआत्या.

म्हणजे अख्खी आत्या नव्हे. अख्खी आत्या दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या आजारानं गेली होती. ही तिचा ठसा होती.

रत्नागिरीत तोवर दर चार-सहा घरांमागे एका घरात अशी डबी आलेली होती आणि कुणाला त्याचं नवल उरलं नव्हतं. समोरच्या शिर्क्यांकडे आजोबांची चकती पडद्यावरचा कॅरम खेळायची. राणी घ्यायच्या आधी आजोबा जसे सोंगटीकडे बघत बसायचे, तशीच ती चकतीही अडून बसायची, आणि शिर्केआजी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, मारा की आता! पाहुणे यायचेत!" मयेकरांच्या घरी आजीची चकती शिवणयंत्राला जोडली होती. पितृपक्षात लोक डबीपुढे पान वाढायचे. चकतीला साखरपाण्याखेरीज काही लागत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी घावण्याचा एक तुकडा आणि नारळाचा रस वाटीत ठेवल्याशिवाय कुणाच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

या चकतीचं शास्त्रीय नाव विरामठसा. विराम म्हणजे थांबणं. नाचणे रस्त्यावरच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. फरीदा मुकादम ते असं समजावून सांगायच्या की शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तिथे शिकवणीच लावावी.

"माणूस काय करतो त्यावरून तो ओळखता येत नाही," केतकी आणि बाबा पहिल्यांदा गेले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या. "चहा सगळेच पितात. पण पहिला घोट घेतल्यावर कोण किती थांबतो, हे ज्याचं त्याचं असतं."

"मी थांबतच नाही," बाबा म्हणाला.

"म्हणून त्याची जीभ कायम भाजलेली असते," केतकीनं लगेच माहिती पुरवली.

डॉक्टर हसल्या. "बघा, म्हणजे यांची ओळख पटली! दोन कृतींच्या मधे जी रिकामी जागा राहते ना, तिथे माणूस खरा असतो. तिथे तो आठवतो, घाबरतो, मनातल्या मनात बोलतो. मेंदूतल्या पेशींची सगळी गुंतागुंत त्या रिकाम्या जागेत उतरते. आम्ही काय करतो, माणसाच्याच शरीरातल्या थोड्या पेशी घेऊन त्यांच्यापासून मज्जापेशी वाढवतो. म्हणजे मेंदूत असतात तशा. त्या एका जाळीवर पसरतो आणि त्या माणसाचे थांबे बारीक विजेच्या ठोक्यांनी त्यांना ऐकवत राहतो. पुन्हा पुन्हा. हळूहळू पेशी एकमेकींना अशा जोडल्या जातात की त्यांनाही तसंच थांबावंसं वाटायला लागतं."

पेशींचा प्रश्न नव्हता. आत्याच्या आजारपणात मुंबईच्या इस्पितळात तिच्या पेशींचा एक नमुना गोठवून ठेवला होता. थोडाच होता, पण एका चकतीपुरता होता. प्रश्न थांब्यांचा होता. आत्या आयुष्यभर किती, कुठे आणि कशी थांबली, याची नोंद कोण ठेवणार?

तेव्हा केतकीनं पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून टेबलावर आपटला होता. डबा मेमरी कार्डांनी भरलेला होता.

आत्या जयगड बंदरावर क्रेन चालवायची. वीस मजल्यांएवढ्या उंचीवर, काचेच्या केबिनमध्ये बसून ती जहाजांवरचे कंटेनर असे उचलायची जसे आपण ताटातले लाडू उचलतो. आणि घरी येऊन चहा झाला की ती पुन्हा एक अवाढव्य यंत्र चालवायला बसायची. फरक इतकाच की हे यंत्र टीव्हीत असायचं.

आजोबा, म्हणजे आत्याचे आणि बाबाचे वडील, बोटीवर नोकरीला होते. त्यांनी जपानमधल्या कोबे बंदरातल्या जुन्या बाजारातून एक खेळायचं यंत्र आणि त्याची एकच तबकडी आणली होती. खेळाचं नाव 'तेत्सुयामा', म्हणजे लोखंडाचा डोंगर. एका जुन्या ॲनिमे कार्टून मालिकेवरून तो बनवलेला होता. मालिकेत भगवती बंदराच्या दीपस्तंभापेक्षा उंच असा एक यंत्रमानव होता आणि त्याच्या छातीत बसून त्याला चालवणारी मिओ नावाची एक मुलगी. पण हा ढिशुम-ढिशुमवाला खेळ नव्हता. गावागावांतून हिंडायचं, माणसांशी बोलायचं, खाली चार-पाच शब्दांची यादी यायची, पाहा, बोल, घे, उघड, त्यातला एक निवडायचा आणि कोडं सोडवत पुढे जायचं. सगळं जपानीत. आणि नागवेकरांच्या, म्हणजे केतकीच्या घरात तेव्हा जपानीचा एक शब्द कुणाला येत नव्हता!

त्यानं आत्याचं काही अडलं नाही. तिनं यंत्रमानवाचं नाव ठेवलं लोखंडेकाका. मिओची झाली मंदाकिनी. जांभळ्या केसांची एक दुष्ट राणी होती, ती झाली चिपळूणची मामी. पडद्यावर मिओ युद्धाबद्दल काहीतरी गंभीर बोलत असायची आणि इकडे आत्या, मांडीवर चार वर्षांच्या केतकीला घेऊन, जाडा आवाज काढून सांगत असायची, "लोखंडेकाका म्हणाले, आधी चहा, मग लढाई. साखर दोन घमेली."

खेळ बनवणाऱ्यांनी एक गंमत केली होती. तुम्ही जे खेळाल ते नंतर मालिकेच्या भागासारखं पुन्हा बघता यायचं. त्यासाठी प्रत्येक बटण कधी दाबलं आणि मधे किती वेळ गेला, हे सगळं कार्डात साठायचं. आत्यानं एकही कार्ड पुसलं नव्हतं. अशी वर्षानुवर्षांची कार्डं त्या डब्यात होती.

"या अल्ला!" डॉक्टर डब्यात बघत म्हणाल्या होत्या. "इतके थांबे मला आजवर कुणाचे मिळाले नव्हते."

निघताना त्यांनी केतकीला बाजूला घेतलं. "हे बघ, ही तुला ओळखणार नाही. नाव, चेहरा, प्रेम, यातलं काही तिच्यात नाही. पण ती जिथे थांबेल, तिथे तुझी आत्या थांबलेली असेल. माझ्याच्यानं होतं ते एवढंच."

"एवढं पुष्कळ आहे," केतकी म्हणाली.

"आणि ती जिवंत आहे. जिवंत असतं ते शिकतं, त्याला इलाज नाही. तू तिच्यासोबत बस. बघ. दुसरा कंट्रोलर हातात घेऊन चार पावलं चाललीस तरी चालेल. पण तिला खेळ शिकवू नकोस."

"मग एक कॉपी काढून ठेवा ना! म्हणजे टेन्शनच नाही."

"कॉपी काढायची तर आत काय जोडलंय ते बघायला चकतीचे काप करावे लागतात. मग उरलं काय? आणि पेशीही संपल्या. ही एकच आहे."

केतकीनं मान डोलावली. खरंच मनापासून डोलावली.

पहिले काही दिवस नुसता आनंद होता. चकती यंत्राला जोडली की पडद्यावर मिओ चालायला लागायची, आणि ती आत्यासारखीच चालायची! वळणावर उगाच एकदा मागे बघायची. कोंबड्या दिसल्या की त्यांच्याशी बोलायची, गरज नसताना. विहिरीजवळच्या म्हाताऱ्यापाशी आली की थांबायचीच थांबायची. तो म्हातारा बिचारा तोंडाची उघडझाप करत उभा, आणि मिओ ढिम्म. बाबा बर्फाच्या कारखान्यातून यायचा, ओल्या पँटीनं तसाच उंबऱ्यात उभा राहायचा आणि म्हणायचा, "हीच गो हीच. ही अशीच बसायची अडून." मग नाक शिंकरायला मोरीत जायचा.

आता केतकीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी केतकी बदलली होती. नववीपर्यंत ती मागच्या बाकावर, वेणीचं टोक चावत बसणारी मुलगी होती. मग शाळेत जपानीचा वर्ग सुरू झाला आणि पठ्ठीला ती भाषा अशी काही लागली की विचारू नका. जिल्ह्यात पहिली आली. स्नेहसंमेलनात तिनं जपानीत भाषण ठोकलं, कुणाला कळलं नाही तरी टाळ्या थांबेनात. तेव्हापासून ती मान ताठ करून चालायची, बाईंना प्रश्न विचारायची आणि बाबाला तर दिवसातून दहा वेळा काही ना काही समजावून सांगायची. आपल्याला काहीतरी येतं, हे नव्यानं कळलेल्या माणसाला गप्प बसणं फार अवघड जातं.

आणि तिला आता पडद्यावरचं सगळं वाचता येत होतं.

"अगं आत्या, तो म्हणतोय किल्ली विहिरीत पडली आहे!" एका दुपारी ती न राहवून ओरडली. मिओ म्हाताऱ्यापुढे खिळलेली होती. आत्याला अक्षर कळत नसे, म्हणून ती अडत असणार. बिचारी! केतकीला वाटलं, वर्षानुवर्षं ही अशी अंदाजानं चाचपडत खेळली. तिनं दुसरा कंट्रोलर उचलला आणि 'विहिरीत पाहा' दाबलं. किल्ली मिळाली. टुंग करून आवाज झाला.

हे काही खेळ शिकवणं नव्हतं. हे नुसतं अर्थ सांगणं होतं. केतकीनं स्वतःला तसं सांगितलं आणि ते तिला पटलंही.

दुसऱ्या दिवशी चकती विहिरीपाशी कमी थांबली. चौथ्या दिवशी थांबलीच नाही, सरळ किल्ली घेऊन चालती झाली. केतकीनं टाळ्या पिटल्या. पेशींना काय कळत होतं? शब्द तर नक्कीच नाहीत. एवढंच की या जागी हे दाबलं की पडदा बदलतो, टुंग वाजतं आणि पुढची वाट उघडते. जिवंत पेशीला पुढची वाट आवडते. मग केतकीनं पुलावरच्या शिपायाचं कोडं सांगितलं. मग मामीच्या महालातल्या आरशाचं. शाळेतून आली की दप्तर फेकायचं आणि आत्याशेजारी बसायचं. तिला वाटायचं, लहानपणी आत्या मला घेऊन बसायची, आता मी आत्याला घेऊन बसते.

"आज लवकर पोचली मामीकडे," बाबा एकदा डोकावून म्हणाला.

"शिकते ती! हुशारच होती मुळात."

बाबा काहीतरी बोलणार होता. पण चहा आला आणि त्याची जीभ भाजली.

केतकीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. शेवटचं दार. खेळाच्या अगदी टोकाला एक प्रचंड दार होतं. तिथे एक प्रश्न यायचा, हो की नाही. आत्या दर वेळी 'नाही' दाबायची, दार बंद राहायचं आणि मिओ मागच्या गावात परतायची. "काय विचारतंय मेलं, कळतच नाही बघ," आत्या म्हणायची. "जाऊ दे गो बाय. उद्या बघू." इस्पितळात शेवटी शेवटीसुद्धा, केतकीच्या केसांतून हात फिरवत ती हसून म्हणाली होती, "ते दार नाहीच उघडलं बघ आपण." केतकीनं ते गाठीला बांधून ठेवलं होतं. माणसाची एकच इच्छा राहिलेली असते आणि आपल्याला ती पुरी करता येणार असते, तर कोण थांबेल?

त्या रविवारी सकाळी ती बसली. चकती सरसर दारापाशी पोचली. प्रश्न आला. केतकीनं तो वाचला. 'त्याला इथे सोडून तू पुढे जाशील?' मिओच्या मागे लोखंडेकाका कोसळतं छत दोन्ही हातांनी पेलून उभे होते. चकती थांबली आणि तिनं 'नाही' दाबलं.

"नाही गं, 'हो' म्हणायचंय," केतकी म्हणाली आणि पुन्हा दारापाशी आणून स्वतः 'हो' दाबलं. दार किंचित किलकिलं होताच तिनं यंत्र बंद करून खेळ पुन्हा मागून सुरू केला, कारण दार आत्यानंच उघडायला हवं होतं. पुन्हा. पुन्हा. दुपारच्या जेवणाची वेळ झाली तेव्हा चकती दारापाशी आली, जेमतेम अडखळली आणि तिनं स्वतःहून 'हो' दाबलं.

"बाबा! बाबा, लवकर ये! आत्यानं दार उघडलं!"

बाबा हातात कोलंबीचं ताट घेऊन धावत आला. पडद्यावर मिओ एकटी उजेडात चालत होती. मागे दार मिटलं. छत खाली आलं. मग नुसतं बर्फ पडताना दिसत राहिलं आणि नावं वर सरकायला लागली.

"तिनं 'हो' दाबलं?" बाबानं विचारलं.

"मग! मी शिकव..." केतकी अडखळली. "मी अर्थ सांगितला तिला. इतकी वर्षं बिचारीला कळलंच नव्हतं, प्रश्न काय आहे ते."

बाबानं ताट हळूच खाली ठेवलं. "केतू, हे तिनं एकदा बघितलं होतं गो. तू व्हायच्या आधी."

"काहीतरीच काय! तिला वाचता कुठे येत होतं?"

"वाचता येत नव्हतं. पण 'हो' म्हटल्यावर काय होतं, ते डोळ्यांना दिसतं ना? कॉलेजात होती. असाच रविवार. लोखंडेकाका गेले म्हणून इतकी रडली की आमच्या आईनं यंत्र माळ्यावर टाकलं. मग तू झालीस आणि तिनं ते परत खाली काढलं. मला म्हणाली, निल्या, पोरीला हे दाखवायचं नाही हां. आपण दर वेळी दारापासून मागे फिरायचं."

"मग 'कळत नाही' का म्हणायची?"

"तुला काय सांगणार होती? चार वर्षांची होतीस."

केतकीला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "पण ती अडायची, बाबा. विहिरीपाशी. पुलापाशी. तिला वाचता यायचं नाही म्हणूनच ना?"

बाबानं डब्यातलं एक जुनं कार्ड काढलं, यंत्रात घातलं आणि आत्यानं कधीकाळी खेळलेला भाग लावला. ही चकती नव्हती. जे घडून गेलं होतं, तेच पुन्हा दिसत होतं. मिओ विहिरीपाशी आली. बटणाचा टक असा आवाज आला. मिओ थांबली.

आणि बाबा, बर्फाच्या कारखान्यात काम करणारा बाबा, जाडा आवाज काढून बोलायला लागला. "म्हातारा म्हणाला, लोखंडेकाका, माझी कवळी पडली विहिरीत. लोखंडेकाका म्हणाले, अरे देवा, मग तू आता चकल्या कशा खाणार?"

टक. मिओ पुढे सरकली. पुन्हा थांबली.

"मंदाकिनी म्हणाली, चकल्या नकोत, आपण त्याला शिरा देऊ. मग केतूबाई हसल्या. मग पुन्हा पहिल्यापासून सांग म्हणाल्या. म्हातारा म्हणाला, लोखंडेकाका, माझी कवळी..."

टक.

शब्द संपायचा आणि टक यायचा. एकदाही मागे नाही, एकदाही पुढे नाही. बाबानं ती गोष्ट पलीकडच्या खोलीतून इतक्या वेळा ऐकली होती की त्याच्या जिभेवर ती आत्याच्याच चालीनं चढली होती. आत्या अडत नव्हती. आत्या पडद्याकडे बघतच नव्हती. ती मांडीवरच्या मुलीकडे बघत होती.

"तू सांगितलं का नाहीस मला?" केतकी ओरडली. "रोज उंबऱ्यात उभा राहून बघायचास ना?"

"मला वाटलं तुला ठाऊक आहे," बाबा म्हणाला. "गोष्ट तर तुलाच सांगत होती ती."

डॉ. मुकादमांनी सोमवारी चकती तपासली. पडद्यावर दोन रेषा काढून दाखवल्या. पहिली आत्याच्या कार्डांवरची, डोंगर-दऱ्यांनी भरलेली. दुसरी चकतीची, भाट्याच्या किनाऱ्यासारखी सपाट.

"तिला हे विसरायला लावता येईल?" केतकीनं विचारलं. तिचा आवाज पुन्हा नववीतल्या मुलीचा झाला होता.

"विसरायला लावणं म्हणजे आणखी काहीतरी शिकवणंच. थांबायला शिकवशील तर ती थांबेल. पण ते थांबे तू शिकवलेले असतील."

"पेशी तर तिच्याच आहेत ना?"

"पेशी तिच्याच आहेत."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "चूक माझीही आहे. शिकवू नकोस म्हटलं मी तुला. मदत करू नकोस, असं म्हणायला हवं होतं. शिकवतंय कोण? सगळे मदतच करतात. शिर्क्यांची चकती आता राणी फटकन घेते, माहीत आहे? आजी ओरडतात आणि पाहुण्यांच्या घाईत स्वतःच सोंगटी मारून मोकळ्या होतात. मयेकरांकडे सून आजीच्या चकतीला सुई ओवून देते. गावातल्या सगळ्या डब्या मी एकदा मोजून बघितल्या. आमच्याकडून जातात तेव्हा त्यात गेलेलं माणूस असतं. वर्षभरात त्यात घरातलंच कुणीतरी जिवंत माणूस येऊन बसतं." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला नको असेल तर साखरपाणी बंद करायचं. दोन दिवसांत शांत होते ती. तिला काही कळत नाही."

"नको," केतकी म्हणाली आणि डबी छातीशी धरून घरी आली.

त्यानंतर ती चकतीला हात लावत नसे. दुसरा कंट्रोलर तिनं बाबाच्या कपाटात, कुलपात ठेवून दिला. फक्त साखरपाणी घालायची आणि दुपारी शाळेतून आल्यावर पडद्यापुढे बसून मोठ्यानं गोष्ट सांगायची. सगळी. आठवेल तशी. न आठवेल तिथे बाबाला विचारून.

"म्हातारा म्हणाला, लोखंडेकाका, माझी कव..."

टुंग. मिओ किल्ली घेऊन निघूनही गेली.

"थांब ना गं," केतकी म्हणायची. मग आवरतं घ्यायची, कारण थांब म्हणणं म्हणजे पुन्हा शिकवणंच. ती भरभर बोलून बघायची. गोष्ट धावत मिओच्या मागे जायची आणि दर वेळी मागे पडायची. लोखंडेकाकांचा चहा व्हायच्या आत लढाई संपायची. मामी तोंड उघडायच्या आत हरायची. वळणावर मिओ मागे वळून बघत नव्हती. कोंबड्या तिच्या खिजगणतीतही नव्हत्या.

एका शनिवारी मात्र आरशाच्या खोलीत मिओ थांबली.

केतकीच्या हातातला लाडू खाली पडला. मिओ आरशापुढे उभी होती आणि हलत नव्हती. खरोखर थांबली होती, जुन्या दिवसांसारखी. खाली यादी लुकलुकत होती आणि कुणी काही निवडत नव्हतं.

"आत्या?" केतकी पुढे सरकली. डबीवर तळवा ठेवून ती घाईघाईनं सांगायला लागली, "मामी आरशात बघून म्हणाली, मंदाकिनी, माझे केस जांभळे कुणी केले गो? आणि लोखंडेकाका म्हणाले..."

लोखंडेकाका पुढे काय म्हणाले, ते तिला आठवेना. आणि ते आठवताना तिची नजर पडद्यावरच्या एका शब्दावर गेली. अवघड चित्रलिपीतला, मालिकेच्या काळातला एक जुना शब्द. महिन्याभरापूर्वी याच शब्दापाशी ती अडली होती. याच पडद्यापुढे तिनं कंट्रोलर मांडीवर ठेवला होता, कोश उघडला होता, अर्थ शोधला होता आणि मग बटण दाबलं होतं. शब्द लक्षात राहावा म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मिओ अजून थांबलेलीच होती. केतकीला कोशाची पानं उलटायला जेवढा वेळ लागला होता, तेवढाच वेळ.

मग बटण दाबलं गेलं आणि मिओ पुढे निघाली. वाटेत ती आणखी कुठेही थांबली नाही. त्या सगळ्या लांबलचक खेळात आत्याच्या पेशींनी आता एकच थांबा जपून ठेवला होता आणि तो केतकीचा होता.